समजा, देवमासा आला

कोपरीतल्या त्या घरात आम्ही भाड्याने राहायला गेलो, त्या दिवशी घरमालकांनी आम्हाला नळ दाखवला नाही की पाणी कधी येतं ते सांगितलं नाही. माझ्या हातात दुधाचं पातेलं, ह्यांच्या खांद्यावर गादी आणि सासूबाईंच्या कडेवर देवांचा डबा, अशा अवस्थेत त्यांनी आम्हाला दारातच उभं केलं आणि विचारलं, "समजा, आत्ता आग लागली. कुठून बाहेर पडाल?"

सासूबाई म्हणाल्या, "अहो, अजून आत तरी कुठे गेलोय?"

"हेच म्हणतो मी!" ते एकदम खूश झाले. "आत जाण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवायची. लोक नेमकं इथेच चुकतात." मग त्यांनी आम्हाला जिना, मागचं दार आणि गच्चीवरून शेजारच्या पत्र्यावर उतरायची जागा दाखवली. पातेल्यातलं दूध नासलं ते त्याच दिवशी.

घरमालक, म्हणजे आमचे काका, कळव्याच्या पुढे एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. कंपनीने त्यांना निवृत्त केलं होतं, पण ते काही झाले नव्हते. जिन्यात वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या, गच्चीच्या दारावर 'कठड्यावर वाकू नये', मोरीच्या दारावर 'पाय जपून', आणि खुद्द त्यांच्या देवघरावर 'निरांजन एकटे सोडू नये'. बादल्यांत काकूंनी गवती चहा आणि ओवा लावून टाकला होता. आग लागलीच तर आधी मला चहाला पात तोडून द्या आणि मग काय ती वाळू टाका, असं त्या म्हणायच्या. बोलण्यात काकू कुणाला हार जायच्या नाहीत, आणि एवढी वर्षं 'समजा'बरोबर संसार केल्यावर कोण जाईल?

'समजा' हा काकांचा लाडका शब्द. समजा, जिना कोसळला. समजा, कुकरची शिटी उडाली. समजा, पाहुणे जेवत असताना भूकंप झाला. "सवत परवडली असती," काकू म्हणायच्या, "ती निदान अधूनमधून माहेरी तरी गेली असती."

नाटकाला गेले की काका रंगमंचाकडे पाठ करून बाहेर जायच्या दारांकडे बघत बसत. लग्नाच्या हॉलमध्ये ते वधूवरांना भेटण्याआधी आचाऱ्याला भेटत आणि गॅसची नळी हाताने चाचपून बघत. त्यांना जगात सगळीकडे फक्त दोन गोष्टी दिसायच्या, धोका आणि दार. मधलं जे काही असतं, ज्यासाठी आपण तिथे जातो, ते त्यांच्या बघण्यातून नेहमीच सुटायचं.

ह्याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या लग्नात झाली होती. ही गोष्ट काकूंनी मला इतक्यांदा सांगितली होती की मीच त्या मांडवात असल्यासारखं मला वाटायचं. मंगलाष्टकं संपली, 'तदेव लग्नं' झालं, भटजींनी अंतरपाट ओढला. काकूंनी मोठ्या धीराने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, तर नवरा मान वर करून मांडवाच्या छताकडे बघतोय. तिथून एक दिव्याची वायर लोंबत होती. हातात हार तसाच धरून नवरदेव म्हणाले, "भटजी, समजा, ही वायर तुटली तर?"

"मी हार घातला तो नुसता मानेला," काकू म्हणायच्या. "चेहरा नव्हताच समोर."

ह्यामुळे काकू त्यांच्याबरोबर कुठे जात नसत. लग्नानंतर माथेरानला गेले होते, तिथे एको पॉइंटवर काकांनी त्यांना हाक मारू दिली नव्हती. आवाजाने दरड सुटली तर? "त्यानंतर मी ठरवलं," काकू सांगायच्या, "की यांच्याबरोबर भाजी आणायला जाईन तेवढीच." आणि खरंच, इतक्या वर्षांत देवगडचं काकांचं आजोळ सोडलं तर ती दोघं कुठेही एकत्र गेली नव्हती.

अशात नव्वदच्या दशकाच्या मधल्या कुठल्याशा वर्षी काकांच्या भाच्याचा फोन आला. भाचा एका प्रवासी बोटीवर इंजिनियर होता आणि त्याची बोट आपल्या हिवाळ्यात पार दक्षिण ध्रुवाकडे जायची. पर्यटकांना पेंग्विन, सील आणि देवमासे दाखवून परत आणायची. बोटीवरच्या माणसाला आपले दोन नातेवाईक नेता येत होते. मामा आणि मामीने यावं, असं त्याने आग्रहाने सांगितलं.

काका कधी नव्हे ते 'समजा' न म्हणता 'हो' म्हणाले. काकू 'नाही' म्हणाल्या. मग रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातून वाद ऐकू यायचा आणि सासूबाई हातातली भाजी बाजूला ठेवून तो मन लावून ऐकायच्या. शेवटी काकूंनी एक अट घातली. एवढ्या दूरच्या समुद्रात जायचं तर त्याची ओटी भरल्याशिवाय त्या परतणार नाहीत. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, सगळं रीतसर. "आपल्या खाडीला आपण पुनवेला नारळ देतो, आणि ज्याच्या दारात जायचं त्याच्याकडे मोकळ्या हाताने जायचं?"

"मान्य!" काका म्हणाले. बोटीवरच्या सूचनांचं पुस्तक तेव्हा अजून यायचं होतं.

ते आलं आणि आमच्या इमारतीला ध्रुवप्रदेशाची कळा आली. काकांना इतकं आवडेल असं पुस्तक जगात दुसरं लिहिलं गेलं नसेल. त्यात सगळे नियमच होते. प्राण्यापासून पाच मीटर दूर राहावं. प्राणी वाटेत आला तर थांबावं, कारण तिथे वाटेवर पहिला हक्क त्याचा असतो. मोठ्याने बोलू नये. आणि सराव म्हणून हे सगळं काकांनी कोपरीत सुरू केलं.

पाच मीटरची सुतळी कापून ती ते खिशात घेऊन फिरू लागले. कुत्रं दिसलं की थांबायचे, मांजर दिसली की वळसा घालायचे. खरी पंचाईत म्हशींची होती. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तेव्हा एक तबेला होता आणि सकाळच्या वेळी तिथली एखादी म्हैस हमखास रस्त्यात ठाण मांडून असायची. काका तिच्यापासून पाच मीटरवर दोन्ही हात पसरून उभे राहत. हात अशासाठी की मागून येणाऱ्यांनीही नियम पाळावा. मागे रिक्षा, सायकली, शाळेची मुलं. तबेल्यातला भय्या येऊन विनवायचा, "बाबूजी, निकल जाओ ना, कुछ नहीं करेगी."

"प्रश्न तो नहीं है," काका त्याला समजावत, "मार्ग उसका है."

म्हशीला आयुष्यात कुणी एवढा मान दिला नसेल. ती अर्धा अर्धा तास हलायची नाही.

थंडीचाही सराव हवा होता. खाडीजवळ एक बर्फाचा कारखाना होता, मासळीसाठी तिथून बर्फ जायचा. काकांनी मालकाची ओळख काढली आणि कानटोपी, दोन स्वेटर आणि कंपनीतले जुने गमबूट घालून ते रोज तिथल्या थंड खोलीत लाद्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसू लागले. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण तिथूनच बर्फ न्यायची. तिने एकदा त्यांना तसं बसलेलं पाहिलं आणि तिची पाटीच खाली आली. "काका, बरफान आमी मावरा ठेवताव," ती म्हणाली, "तुमी कनाला बसलाव?" मग आमच्या दारात येऊन तिने मला बजावलं, "घरमालकाला जप गो बाय. ताजा हाय अजून, पन त्याला कुनीतरी बरफान घातलाय."

सगळ्यात वाईट होत्या त्या हाताच्या खुणा. प्राणी दिसला तर ओरडायचं नाही, म्हणून काकांनी खुणांची एक भाषाच बनवली. तळहात उभा धरला की 'थांबा, समोर प्राणी आहे'. मूठ डोक्यावर ठेवली की पेंग्विन. हाताची कमान करून खाली नेली की देवमासा. दोन्ही हात पोटावर ठेवून डोळे मिटले की 'सील, आराम करत आहे, जवळ जाऊ नये'. काकूंना ते रोज गच्चीवर नेऊन शिकवायचे आणि काकू कपडे वाळत घालता घालता त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष करायच्या.

एकदा रविवारी दुपारी सासूबाई गच्चीवर पापडांची राखण करत चटईवर आडव्या झाल्या होत्या. काका जिन्यातून वर आले, थबकले आणि मागून येणाऱ्या काकूंना त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवून डोळे मिटून दाखवले. काकूंना हसू आवरेना, त्या तोंडाला पदर लावून खाली पळाल्या. सासूबाई जाग्या झाल्या आणि मला विचारू लागल्या, "काय गं म्हणाले ते?"

"नमस्कार केला तुम्हाला," मी सांगितलं.

"सज्जन आहेत हो," सासूबाई म्हणाल्या.

तर अशी मजेत तयारी चाललेली असताना काका पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर पोचले. तिथे लिहिलं होतं की त्या प्रदेशात बाहेरचं काहीही न्यायचं नाही आणि सोडायचं नाही. बी तर नाहीच नाही. खिशांचे कोपरेसुद्धा साफ करून यायचं, न जाणो एखादं गवताचं बी अडकलेलं असायचं.

त्या काळात घरोघर व्हॅक्यूम क्लीनरवाले यायचे. गळ्यात टाय, हातात मशीन, सतरंजीवर मुद्दाम माती टाकून ती परत ओढून दाखवायची. काकांनी असाच एक पोरगेलासा सेल्समन घरात घेतला आणि सतरंजीऐवजी त्याच्यापुढे कपड्यांचा ढीग ठेवला. स्वेटर, कोट, पॅंट्स, काकूंच्या शाली, सगळ्यांचे खिसे आणि शिवणी त्याच्याकडून ओढून घेतल्या. बिचारा घामाघूम झाला. "काका, मशीन घेणार ना नक्की?" तो मधूनमधून विचारायचा. "समजा, घेतलं," काका म्हणायचे.

शेवटी काकूंचा बटवा आला. बटव्यातून निघाल्या दोन सुपाऱ्या, वेखंड, वाळलेलं बेलाचं पान, कुठल्या तरी सत्यनारायणाची खडीसाखर आणि हळकुंडाचा तुकडा. काका एकेक वस्तू बाहेर काढून बाजूला ठेवत गेले. मग ते बॅगेकडे वळले आणि त्यांच्या हाताला खणात गुंडाळलेला नारळ लागला.

"हा नाही नेता येणार," ते म्हणाले.

"तुम्ही मान्य म्हणालात."

"अगं, पण हे बी आहे. समजा, उगवलं तर?"

"बर्फात?" काकू म्हणाल्या. "उगवलाच तर तुम्ही जा चढून, आणि उतरवा नारळ."

सेल्समन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण काकू हसत नव्हत्या. त्यांनी नारळ उचलला, खण उलगडून कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचे नियम तुम्ही पाळा. मी नाही येत."

त्यानंतर वरच्या मजल्यावर वाद झाला नाही, काहीच झालं नाही. भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. इतके दिवस काका ज्या शांततेसाठी सगळ्यांच्या मागे लागले होते ती आता घरभर पसरली होती आणि तीच त्यांना खात होती. सुतळी खिशातच राहिली. म्हशीच्या अगदी अंगावरून ते निघून गेले म्हणे एकदा, भय्याच मला काळजीने सांगत होता.

एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि खुर्चीत बसले. मी चहा ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं की ते दाराकडे पाठ करून बसलेत. असं ते कधी बसत नसत.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला काही देवमाशाची हौस नाही."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"नोकरीभर मी काय बिघडेल तेच बघितलं. त्याचा मला पगार होता. पण घरीही तेच करत राहिलो. आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट कधी बघितली नाही. ती एकीकडे बघते, मी वायर बघतो. अंतरपाटाच्या वेळचं राहूनच गेलं ते. म्हटलं, तिथे बर्फच बर्फ. ना वायर, ना गॅस. तिथे तरी दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघू." मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "पण नारळ नाही नेता यायचा. नियम तो नियम."

मला रडू यायला लागलं होतं आणि त्या शेवटच्या वाक्याने हसूही आलं. माणूस असा कसा असतो? मनातलं सगळ्यात मोठं दुःख सांगतो आणि वर नारळ काही सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. काका काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं. त्या निवडतच राहिल्या. अंतरपाटाचं सांगितलं तेव्हा मात्र हात थांबला.

"लक्षात आहे होय त्यांच्या?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, त्यांना ठाऊकच नाही काय झालं ते."

थोड्या वेळाने त्या उठल्या, कपाटातला नारळ काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वड्या कर. सासूबाईंना आवडतात ना तुझ्या." आणि मग अगदी हळू आवाजात, काका शेजारच्या खोलीत नव्हते तरीही, "चिमूटभर अक्षता मात्र मी नेणार आहे. परकराच्या नेफ्यात. तिथे कोणता सेल्समन नळी घालतोय ते बघतेच मी!"

ती दोघं गेली, आणि परत आली तेव्हा काकांचं नाक भाजून सोलवटलं होतं आणि काकूंनी भर कोपरीत पायात मोजे घातले होते. आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो. बोट, बर्फ, पेंग्विन, सगळं सांगून झालं. पेंग्विनला पाच मीटरचा नियम माहीत नव्हता, तो सरळ काकांच्या गमबुटाला चोच मारून गेला. काका म्हणे पुतळ्यासारखे उभे, आणि डोक्यावर मूठ.

"आणि देवमासा?" मी विचारलं.

दोघंही एकमेकांकडे बघून हसायला लागली.

"आला होता," काकू म्हणाल्या.

"अगदी बोटीला लागून," काका म्हणाले.

"मी कठड्याशी उभी होते. तो वर आला आणि असा श्वास सोडला की सगळी माणसं किंचाळली. शांतता बिंतता कुणी पाळली नाही. मी म्हटलं, हीच वेळ. नेफ्यातून अक्षता काढून मुठीत धरल्या आणि हळूच यांच्याकडे बघितलं, बघतायत की काय म्हणून."

"मी बघतच होतो," काका म्हणाले. "तिचा हात कमरेला गेला तेव्हाच मला संशय आला."

"तळहात उभा धरला माझ्यासमोर! 'थांबा, समोर प्राणी आहे!' अहो, मला दिसत नव्हता का तो?"

"मग मी हात खाली घेतला," काका म्हणाले, "आणि तिच्या मुठीखाली ओंजळ धरली. म्हटलं, समुद्राला नको, माझ्या हातात दे. मी सांभाळतो."

"आणि बघतच राहिले हो माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "वायर नाही, दार नाही. नाकातून पाणी गळतंय, कानटोपी एका डोळ्यावर आलीय, आणि बघतायत. मीही बघत राहिले. मूठ सोडली त्यांच्या ओंजळीत. आणि मान वळवली तर नुसतं पाणी."

"शेपूटसुद्धा दिसलं नाही," काका म्हणाले.

"म्हणजे एवढ्या लांब जाऊन देवमासा बघितलाच नाहीत?" सासूबाई कळवळल्या.

"वास आला ना," काकू म्हणाल्या. "सुक्या बोंबलाचा. मला आपल्या खाडीच्या जेटीवर आल्यासारखं वाटलं." मग त्यांनी पायातले मोजे वर ओढले आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "अंतरपाट सुटला म्हणायचा. मंगलाष्टकांना देवमासा यावा लागला, एवढंच."

त्या अक्षता काकांनी एका डबीत जपून परत आणल्या होत्या. आता त्यांचं काय करायचं यावर रात्रभर खल झाला असावा, कारण सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा दोघं जिन्यात तयार उभी. खाडीवर जायचं ठरलं होतं. पाणी सगळं एकच, इथे दिलं तरी पोचतं तिथे, असं काकूंचं म्हणणं होतं, आणि खाडीला तांदूळ देऊ नयेत असा नियम काकांना कुठे सापडला नव्हता. स्टेशनला मी तबेल्याच्या बाजूनेच जात असे, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले.

कोपऱ्यावर म्हैस उभी होती. काका आपल्याच नादात, हातातल्या डबीकडे बघत चालले होते. त्यांच्या पुढे असलेल्या काकू थांबल्या आणि मागे न वळता त्यांनी तळहात उभा धरला.

गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी सगळ्या खुणा शिकून घेतल्या होत्या, हे तेव्हा कळलं.

काका जागच्या जागी थांबले. मीही थांबले. मागे एक रिक्षा येऊन उभी राहिली, तिने दोनदा हॉर्न दिला आणि मग तीही गप्प झाली. भय्या तबेल्याच्या दारातून बघत होता, पण या वेळी तो काही म्हणाला नाही. काका पुढे येऊन काकूंच्या शेजारी उभे राहिले. म्हैस आमच्याकडे बघत होती, ती दोघं म्हशीकडे.

"डोळे किती छान आहेत हो हिचे," काकू हळूच म्हणाल्या.

"समजा..." काका म्हणाले, आणि थांबले. "हो. छान आहेत."

मला उशीर होत होता. गाडी चुकणार होती आणि लेट मार्क लागणार होता. पण त्या दोघांना वळसा घालून पुढे जायचं माझ्याच्याने होईना. मी पाच मीटरवर उभी राहिले. म्हैस रवंथ करत होती, तिला कसलीच घाई नव्हती, आणि मार्ग तिचा होता.